साडेतीन किलो डाळ आणि आमचे व्याही

पृथ्वी फिरते हे आमच्या व्याह्यांना मान्य आहे. तिला ग्रीस कोण लावतं, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांनी आजवर डोळे मिटून विश्वास टाकलेला नाही. ऑटोत बसण्याआधी ते तिन्ही टायरना बुटाच्या टोकाने एकेक ठोकर देतात, आणि ऑटोवाल्याने "काय झालं काका?" असं विचारलं तर "मागचा डावा बसून राहिला, संध्याकाळपर्यंत पाहून घे" असं सांगून मगच आत शिरतात. एका लग्नात नवरदेव बग्गीत चढत होता आणि हे रस्त्यावर ओणवे होऊन बग्गीचा एक्सल पाहत होते. बँडवाल्यांना वाटलं, पाहुणे नागीण नाचाला खाली बसले आहेत. त्यांनी लगेच चाल बदलली. व्याही उठले, गुडघे झाडले आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "बग्गी मंगल कार्यालयापर्यंत जाईन. परतीले पायी आना."

हे उगाच नाही. वाडीत ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना त्यांनी चौतीस वर्षं चालवला. कंपनीकडून ट्रक येतो तो नुसता सांगाडा असतो, चेसिस म्हणतात त्याला. त्यावर लाकडाचा आणि लोखंडाचा हौदा चढवायचा, मागे उघडझाप करणारा फाळका बसवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या हातचा फाळका घाटात कधी उघडला नाही, असं वाडीतले ड्रायव्हर अजून सांगतात. मी मोजणी खात्यातला माणूस. शेताच्या बांधावर टेप धरण्यात माझं आयुष्य गेलं आणि टेप पिशवीत नसला तर मला कपडे घालायचे राहिल्यासारखं वाटतं. त्यामुळे आमचं जमलं. माझ्या मुलीला पाहायला ते नंदनवन वस्तीत आमच्या घरी आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर पाणी प्यायला म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरले आणि गॅसच्या सिलिंडरखालची ट्रॉली पायाने पुढेमागे ढकलून पाहिली. ती कुरकुरली नाही. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "ह्या घरातले मानसं हयगय करत नाईत. आपल्याकून पसंती आहे." माझ्या मुलीने एम.कॉम. केलंय हे त्यांना साखरपुड्यात कळलं.

गेली पाच वर्षं मात्र त्यांचे हात कापतात. डॉक्टरांच्या मते जिवाला धोका नाही, पण कंप पुरता जाणाराही नाही. आधी पेचकस खाचेत बसेना, मग बसला तर सुटू लागला, आणि एक दिवस त्यांनी कारखान्याची किल्ली मुख्य मिस्त्रीच्या हातात दिली. घरी त्यांना चहा अर्धाच कप भरून देतात आणि दोनदा देतात. याबद्दल ते स्वतः काही बोलत नाहीत. फक्त एकदा बोलले, माझ्या मुलीच्या डोहाळजेवणाला. बायका ओटी भरत होत्या, आम्ही दोघे गॅलरीत उभे होतो. ते म्हणाले, "इवाई, एक काम आहे तुमच्याशी." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "पोट्टा येवो का पोट्टी, माह्या हातात कोनी देनार नाई. मी मांगनार बी नाई. पन गाडीत तं देतीन ना? मले एकट्याले चौकापर्यंत फिरवून आनाचं आहे. बस. तं गाडी पाहू आपन. बराबर पाहू."

म्हणजे बाबागाडी. दुकानात तिला स्ट्रोलर म्हणतात. व्याही नुसतं गाडी म्हणत.

अडचण एवढीच होती की आमच्या दोन्ही घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, साधी पावडरसुद्धा नाही. यावर व्याह्यांनी तोडगा काढला की आणायचं नसतं, पाहायला कोणी मनाई केलेली नाही. आणि पाहायचं म्हणजे रिकामं पाहून उपयोग नाही. "रिकामा ट्रक सगळ्यायचाच चांगला चालते, इवाई. भरल्यावर कळते." म्हणून त्यांनी साडेतीन किलो तुरीची डाळ एका जुन्या उशीच्या खोळीत भरली, वरून सुतळीने मान आवळली आणि ती पिशवीत घालून दर शनिवारी ते वाडीहून निघू लागले. वाडी शहराच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. माझ्या स्कूटरच्या काट्यावर अंतर साडेचौदा किलोमीटर भरतं. पण व्याह्यांनी एकही शनिवार चुकवला नाही.

पहिल्या दुकानातली मुलगी फार गोड बोलणारी होती. तिने गुलाबी गाडी पुढे केली. व्याह्यांनी खोळ काढून सीटवर ठेवली, पट्टा लावायचा प्रयत्न केला, तो लागेना म्हणून मी लावला.

"काका, हे काय आहे?"

"डाळ."

"यात बाळ बसवायचं असतं, काका."

"माहीत आहे ना बाई. बाळ अजून आलं नाई. तवरक डाळ बसन."

मग त्यांनी विचारलं, "स्टेपनी कुठं आहे?" तिने मला विचारलं, "काय म्हणतात हे?" मी म्हणालो, सुटं चाक मागतात. ती आत जाऊन मालकाला घेऊन आली. मालकाने आमच्याकडे पाहिलं, डाळीकडे पाहिलं आणि आम्हाला पाणी विचारलं. पुढे दुकानं बदलली तरी प्रश्न तेच राहिले. पाटे आहेत का, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा? सामान पुढच्या चाकावर येते का मागच्या? चाक एवढंसं काहून? रस्त्याच्या फरशीत, गट्टूच्या फटीत अडकलं तर सवारी तोंडावर पडन का नाई? मी माझ्या परीने मापं घेऊन नऊ मुद्द्यांच्या तक्त्यात भरत होतो. आमच्या फाटकापासून बगिच्यापर्यंत सात गतिरोधक आहेत, त्यांतले दोन सरकारी आणि पाच ज्याने त्याने आपापल्या घरासमोर केलेले. सर्वांत उंच अकरा सेंटीमीटर. सहा इंचांच्या चाकाला ते झेपणार नाहीत हे मी कागदावर दाखवून दिलं तेव्हा व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं माझ्या साहेबाने उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही.

ब्रेकची परीक्षा मात्र आमच्या अंगाशी आली. एका दुकानाच्या दाराशी उतार होता, मोटरसायकली चढवायला केलेला. व्याह्यांनी गाडी उतारावर उभी केली, पायाने ब्रेक दाबला आणि दोन पावलं मागे सरून हाताची घडी घातली. ब्रेक पुरता बसला नव्हता. गाडी निघाली ती आधी सावकाश, मग मन लावून. एक बाई किंचाळली, "बाळ! बाळ!" दोन मोटरसायकली करकचून थांबल्या, भाजीवाला हातगाडी सोडून धावला आणि एका म्हाताऱ्या आजीने रस्त्याच्या मधोमध गाडी अडवून व्याह्यांना धरलं. "लाज नाई वाटत तुले? सोन्यासारखं लेकरू सोडून देल्लं रस्त्यावर अन् हात बांधून पाहून राहिला?"

"आजी, डाळ आहे ते."

आजीने टप वर करून पाहिलं. खोळ दाबून पाहिली. मग आणखीच चिडली. "अन्न आहे ना मंग ते!"

ते मॉडेल बाद झालं.

आणखी एका दुकानात एक तरुण सेल्समन एका हाताने मिटणारी गाडी दाखवत होता. अंगठ्याने एक बटन दाबायचं, त्याच वेळी दांडा वर ओढायचा, की गाडी छत्रीसारखी मिटते. त्याने तीन वेळा करून दाखवलं आणि म्हणाला, "करून पाहा ना काका, एकदम सोपं आहे." व्याह्यांनी अंगठा ठेवला. तो बटनावरून सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या हाताने पहिला हात धरला, तर दोन्ही हात कापायला लागले आणि सगळी गाडी खुळखुळ्यासारखी वाजू लागली. सेल्समनने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या किमतींकडे पाहिलं. व्याह्यांनी हात खिशात घातले आणि मोठ्याने म्हणाले, "जे आपोआप मिटते ते आपोआप मिटनच, इवाई. आत लेकरू आहे का नाई ते पाहत नाई. चाला."

मला पटलं नव्हतं, पण मी आमच्या तक्त्यात त्या गाडीसमोर फुली मारली.

एका बाबतीत मात्र ते तक्त्याच्याही पलीकडे हट्टी होते. बाळाचं तोंड कुठे असावं? माझं म्हणणं, रस्त्याकडे असावं, चार गोष्टी दिसतील. त्यांचं म्हणणं, ढकलणाऱ्याकडे. मी म्हणालो, "अहो, तुम्ही ट्रकवाले. ड्रायव्हरकडे तोंड करून कोणी बसतं का?" ते म्हणाले, "सवारी भाड्याची असन तं रस्ता पाहीन. घरची असन तं मानसाले पाहीन." मी तक्त्यात त्यांचंच म्हणणं लिहून घेतलं.

असं करता करता अकरा दुकानं आणि तेवीस गाड्या झाल्या. त्यांतून चार उरल्या, मग दोन, मग एक. हिरव्या टपाची, मोठ्या चाकांची, दोन्हीकडे तोंड होणारी. आणि बरोबर त्याच आठवड्यात मुलीला धंतोलीत दवाखान्यात न्यावं लागलं. सिझर ठरलं. तिला स्ट्रेचरवरून आत नेत होते. माझी बायको रडत होती, जावई भिंतीला टेकून उभा होता, मी पायऱ्या मोजत होतो, आणि व्याही स्ट्रेचरखाली. पुढचं उजवं चाक चुईंचुईं करत होतं. "थांबा गा, एक मिनिट. माही सून आहे वर." वॉर्डबॉयने त्यांना बाजूला केलं आणि दार लागलं. पण नंतरचा सगळा वेळ त्यांनी आवारातल्या कँटिनवाल्याकडून वाटीभर गोडंतेल मागण्यात आणि ते चाकाला लावायला वॉर्डबॉयला पटवण्यात घालवला, म्हणून आम्हा बाकीच्यांचाही वेळ गेला. मुलीला बाहेर आणलं तेव्हा चाक वाजलं नाही. नात झाली होती. दोन किलो नऊशे ग्रॅम. व्याही म्हणाले, "सहाशे ग्राम कमीच भरली डाळीपेक्षा. गाडीले सोपं जाईन."

आता गाडी आणायला काहीच हरकत नव्हती, आणि इथेच ती अडली.

बारसं झालं. सव्वा महिना झाला. तिसरा महिना संपल्यावर पाळणा, दुपटी, चांदीचे वाळे असं सगळं देऊन आम्ही मुलीला वाडीला पोचवलं. गाडी नव्हती. दर दोन दिवसांनी व्याह्यांचा फोन येई. "मंग इवाई, गाडीचं काय म्हनता?" मी म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." ते म्हणत, "नाई नाई, तुमी म्हनान तसं." आणि फोन ठेवला जाई. मी मनाशी म्हणत असे, या माणसाने अडीच महिने साडेतीन किलो डाळ वागवली. गाडी हौसेने आणायचा मान त्यांचाच. मी मध्ये जाऊन ती आणली तर त्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल. तिकडे ते मनाशी म्हणत असत, पाळणा आजोळचा असतो. गाडी म्हणजे चाकं लावलेला पाळणा. आपण आणली तर व्याह्यांचा अपमान होईल. दोघांनाही एकमेकांचा इतका मान राखायचा होता की नात पाच महिन्यांची झाली आणि सहा किलो चारशे ग्रॅम भरली.

तोपर्यंत तिकडे काय चाललं होतं ते मला मुलीच्या फोनवरून कळे. नात आजोबांना मिळे ती बसल्या जागी. विहीणबाई आधी त्यांना भिंतीला टेकवून बसवत, दोन्ही बाजूंना उशा लावत, "हालू नका आता" असं बजावत आणि मग बाळ मांडीवर ठेवत. संध्याकाळी विहीणबाई तिला कडेवर घेऊन देवळात जात. व्याही फाटकापर्यंत बरोबर जात आणि फाटक लावून घेत.

"बाबा," एका दुपारी मुलीने विचारलं, "तुम्ही गाडी का नाही आणत?"

"तुझ्या सासऱ्यांचा मान आहे, बेटा."

"पप्पा म्हणतात, आजोळचा मान आहे."

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"तुम्ही दोघं मान सांभाळत बसा. तिकडे ते रोज फाटक लावतात."

दोन दिवसांनी तिने तिच्या मैत्रिणीकडून एक गाडी आणली. जुनी. मैत्रिणीची दोन मुलं तिच्यात वाढलेली. टपाचा रंग मूळचा निळा असावा. मला फोन आला, मी स्कूटर काढली. वाडीला पोचलो तर व्याही अंगणात गाडीसमोर उभे, जसा काही कोणी चोरीचा ट्रक आणून लावलाय. "दुसऱ्याची वापरलेली काहून, बाई? आमी काय मेलो होतो का दोघं?"

मुलगी बाळाला मांडीवर थोपटत होती. वर न बघता म्हणाली, "पप्पा, बाळाला पहिलं झबलं कसं घालतात? नवं की जुनं?"

"जुनं. खेळत्या लेकराचं."

"का?"

"ते... लाभते म्हनून."

"मग पहिली गाडी पण जुनी. खेळत्या लेकरांची. आणि ही कोणी आणलीच नाही, मिळाली. आता कोणाचा मान राहिला असेल तर सांगा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विहीणबाई आतून म्हणाल्या, "शिकलेली सून आनली ना? घ्या." आमच्या तक्त्यातल्या नऊ मुद्द्यांपैकी सातांवर ही गाडी नापास होती. चाकं लहान, पाटे नाहीत, स्टेपनीचा प्रश्नच नाही, आणि बाळाचं तोंड रस्त्याकडे, ते फिरवायची सोय नाही. शिवाय पुढचं डावं चाक ओढत होतं. व्याह्यांनी गाडी दोन हात पुढे ढकलली, कान लावला आणि म्हणाले, "बुशिंग ढिलं आहे. पेचकस आना." पेचकस आला. त्यांनी तो हातात घेतला, खाचेजवळ नेला, आणि तसाच माझ्यापुढे धरला.

मी आयुष्यात एवढा बारीक स्क्रू फिरवलेला नाही. ते माझ्या डोक्यावर वाकून उभे. "दाबून धरा. दाबून. आता फिरवा. सरळ, सरळ ठेवा त्याले... अबे उलटा फिरवून राहिला ना! चौतीस वर्ष शिकवून राहिलो, तुले एवढं नाई समजत का बे?"

विहीणबाई दारात येऊन जीभ चावून उभ्या. आमच्यात व्याह्याला कोणी 'अबे' म्हणत नाही. त्यावरून लग्नं मोडलेली आहेत. व्याही पांढरे पडले. "माफी असो इवाई. मले वाटलं, कारखान्यात आहो."

"असू द्या," मी म्हणालो. "कोणत्या बाजूला फिरवू ते सांगा."

"घड्याळाच्या," ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अन् दाबून."

चाक सरळ झालं. मुलीने नातीला गाडीत ठेवलं, पट्टा लावला. व्याह्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. दांडा थरथरला, गाडी थरथरली, पट्ट्याची कडी बारीक वाजायला लागली. विहीणबाई पुढे झाल्या, पण मुलीने त्यांच्या हाताला हात लावला आणि त्या थांबल्या. नातीने आधी भुवया उंचावल्या, मग तिला ते आवडलं असावं, कारण तिने पाय झाडले. व्याही निघाले. ठरल्याप्रमाणे त्यांनी एकट्यानेच जायचं होतं, म्हणून मी वीस पावलं अंतर ठेवून चाललो, म्हणजे मी त्यांच्याबरोबर नव्हतो.

त्यांना तिचं तोंड दिसत नव्हतं. म्हणून ते बोलत होते. "हे पाय, हा दहा चाकी. ह्याचा फाळका आपला नाई, आपला असा लोंबत नाई. हा टँकर. हा ट्रॅक्टर, ह्याले मागून कधी जाऊ नाई." आवाज कुठून येतो ते तिला कळेना. तिने मान मागे टाकली, आणखी मागे टाकली, आणि खालून उलटं पाहायला लागली, तो वर हा माणूस. हसली असावी. कारण ते बोलायचे थांबले आणि चौक येऊन गेला तरी वळायचे राहिले. मला पुढे जाऊन त्यांना वळवावं लागलं.

परत येताना मी वाकून सीटखालची चिठ्ठी वाचली. सवयच आहे. पंधरा किलोपर्यंत, असं लिहिलं होतं. मी तिच्या आतापर्यंतच्या वाढीवरून मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांना सांगून टाकलं, कारण खोटं बोलणं मला जमत नाही, की ही गाडी काही जन्मभराची नाही. फार तर तीन वर्षं. त्यानंतर नात हिच्यात मावायची नाही, आणि बसायचीही नाही.

व्याही जरा वेळ गाडी ढकलत राहिले. कडी वाजत होती. नात झोपली होती.

"तीन वर्ष तं पक्के ना, इवाई?" ते म्हणाले. "लय झाले."